एर्लिकचे कागद आणि फुलपाखरं

‘दुष्काळाची भाकितं फसली, मग पॉल एर्लिकचे कागद स्टॅनफर्डने कशाला सांभाळायचे?’ असं काहीजण विचारतात, ते मला अजिबात पटत नाही. लोकसंख्या वाढून मोठे दुष्काळ पडतील, ही या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाची भाकितं चुकली हे खरंच. धातूंच्या किमती वाढतील अशी १९८० मध्ये अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमनशी लावलेली पैजही ते १९९० मध्ये हरले. पण मुळात हा माणूस फुलपाखरांचा अभ्यासक. १९६० पासून स्टॅनफर्डच्याच जॅस्पर रिज या राखीव क्षेत्रात चेकरस्पॉट जातीची फुलपाखरं पकडायचे, पंखावर शाईचे ठिपके देऊन सोडायचे. ठिपक्यांच्या जागांना १, २, ४, ७ अशी किंमत. दोन ठिपक्यांची बेरीज केली की नऊपर्यंतचे उरलेले आकडे मिळतात, प्रत्येक फुलपाखराला स्वतःचा क्रमांक! १९९० च्या दशकाअखेर तिथलं चेकरस्पॉट संपलं. आता ते दिवस फक्त नोंदींतच उरलेत, म्हणून असे कागद जपायलाच हवेत.