फ्लोरिडाचा नेचर कोस्ट: जानेवारीत आई-वडिलांना नेणे योग्य ठरेल का?

प्रश्न:
जानेवारीत आई-वडील अमेरिकेत आमच्याकडे येत आहेत. ऑरलँडोची गर्दी टाळून फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा क्रिस्टल रिव्हर ते सीडर की हा भाग (नेचर कोस्ट) त्यांना दाखवावा, असा विचार आहे. दोघांनाही पोहता येत नाही. तरीही मॅनाटी (समुद्रगायी) नीट पाहता येतील का? इथे समुद्रकिनारे फारसे नाहीत, हे खरे आहे का?

उत्तर 1:
खरे आहे, आणि हा भाग मोकळा राहण्याचे एक मोठे कारणही तेच आहे. इथे मेक्सिकोचे आखात इतके उथळ आणि लाटा इतक्या मंद आहेत की पुळण तयार होत नाही. खाड्या, बेटे आणि खाऱ्या दलदलीतले गवतच दिसते. जानेवारी मात्र उत्तम. चुनखडीतून वर येणारे झऱ्यांचे पाणी बारमाही सुमारे 22 अंश सेल्सियस असते आणि 20 अंशांखालचे पाणी मॅनाटींना फार काळ सोसत नाही, म्हणून समुद्र गारठला की ते शेकड्यांनी क्रिस्टल रिव्हरच्या किंग्ज बे या उपसागरात येतात. तिथल्या थ्री सिस्टर्स स्प्रिंग्ज या झऱ्यांभोवतीच्या लाकडी पायवाटेवरून त्यांच्या पाठीवरचे शेवाळ आणि बोटींच्या पंख्यांचे वणही स्पष्ट दिसतात. कडाक्याच्या थंडीचा दिवस निवडा. तेव्हा मॅनाटींची दाटी झाल्यास पोहणाऱ्यांना आत सोडत नाहीत, म्हणजे काठावरून पाहणाऱ्यांची चंगळच.

उत्तर 2:
वरील मताशी सहमत आहे. फक्त होमोसासा स्प्रिंग्ज वाइल्डलाइफ स्टेट पार्क वगळू नका. तिथे पाण्याखालचे निरीक्षणगृह आहे, पण ते त्या दिवशी खुले आहे ना, हे आधी विचारावे. विकी वाची या झऱ्यावरचा, जलपरीच्या वेशातल्या कलाकारांचा पाण्याखालचा खेळ 1947 मध्ये सुरू झाला. मला तो थोडा भडक वाटतो, ज्येष्ठांना मात्र बहुधा आवडतो.

उत्तर 3:
सीडर की या बेटावरच्या गावाबद्दल लिहितो. 1995 मध्ये मोठ्या जाळ्यांवर बंदी आल्यावर इथल्या अनेक कोळ्यांनी शिंपल्यांची शेती सुरू केली आणि आज गावाचा मोठा आधार तीच आहे. मात्र 2023 चे इडालिया आणि 2024 चे हेलेन या चक्रीवादळांनी गावाचे अतोनात नुकसान केले, त्यामुळे मुक्कामाची जागा फोन करून पक्की केल्याशिवाय निघू नका. गावात जाणारा रस्ता एकच आहे. ऐनवेळी खोली मिळाली नाही, तर परत बरेच अंतर कापावे लागेल. आई-वडिलांची दगदग नको असेल, तर मुक्काम क्रिस्टल रिव्हरलाच ठेवून सीडर की दिवसाउजेडी पाहून या.