मदत हवी आहे: ओपनकास्टखाली जुन्या गॅलऱ्या, शिल्लक कोळसा किती धरायचा?

नमस्कार मंडळी. वर्धा खोऱ्यातल्या एका ओपनकास्ट (वरून उघडी खोदलेल्या) खदानीत मी सर्व्हेअर आहे. पुढच्या पाच वर्षांच्या नियोजनासाठी शिल्लक कोळशाचा आकडा द्यायचाय, पण त्यावर सही करायला मन धजत नाही.

हद्दीच्या पूर्व भागात 1973 च्या राष्ट्रीयीकरणाआधीपासून भूमिगत काम झालेलं आहे. कोळशात गॅलऱ्या (बोगदे) खोदल्या, मधले पिलर (कोळशाचे खांब) तसेच सोडले. आता वरची ओबी (कोळशावरची माती-दगड) काढून आम्ही त्याच सीममध्ये (कोळशाच्या थरात) उतरतोय. फेसवर (खणत असलेल्या उभ्या भिंतीवर) गॅलऱ्यांची चौकोनी तोंडं उघडी पडतात. काहींतून पाणी झिरपतं, काही वाळूने ठासून भरलेल्या.

ड्रोनने फेस मोजतो, घनफळाला 1.55 ने (घनमीटरमागे टन) गुणतो. पश्चिमेला हे टनेज वजनकाट्याशी जुळतं, पूर्वेला काटा कायम कमी दाखवतो. ऑफिसात म्हणतात, 5 टक्क्यांपर्यंत फरक चालतो. अहो, कोल इंडियाच्या हिशेबात ती सवलत काढून ढीग घातलेल्या साठ्याला आहे, जमिनीतल्या कोळशाला नाही!

माझा ढोबळ हिशेब: पिलर मध्यापासून मध्यापर्यंत 20 मीटर, गॅलरी 4 मीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळाच्या 36 टक्के पोकळ. सीम 15 मीटर जाड आणि काम फक्त 3 मीटर उंचीचं, म्हणून एकूण कोळशातून 7.2 टक्के गेला. ओबी तेवढीच काढावी लागणार, त्यामुळे टनामागे 4 घनमीटर धरलेलं प्रमाण 4.3 वर जातं. डंपर, शॉवेल, डिझेल, सगळं नियोजन त्यावर उभं आहे. सीमचं संगणकावरचं मॉडेल मात्र जुन्या बोअरहोलवर बेतलेलं, त्यात सीम अखंडच दिसते.

जुना नकाशा फुटांत आणि स्थानिक ग्रिडवर आहे, शेवटच्या कामाची नोंद त्यात आहे की नाही याची खात्री नाही. सरसकट टक्केवारी वजा करू, की दुसरी काही पद्धत आहे? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

भाऊ, सरसकट वजा करू नका. आधी नकाशा जमिनीवर बसवा. जुन्या इन्क्लाइनचं (खाली उतरणाऱ्या तिरक्या वाटेचं) तोंड, शाफ्ट, हवेची चानक (हवेसाठीचा उभा शाफ्ट), जे शिल्लक असेल त्याचे डीजीपीएस (अचूक उपग्रह-मोजणीचे) पॉइंट घ्या. मग बेंच (खोदकामाची पायरी) पुढे सरकेल तसं उघड्या पडलेल्या प्रत्येक गॅलरीचं तोंड टोटल स्टेशनने (मोजणीच्या यंत्राने) मोजून घ्या आणि नकाशाशी ताडून पाहा. ब्लास्टहोल (सुरुंगाचं भोक) मारताना ड्रिलचा रॉड एकदम खाली गेला की ऑपरेटरला खोली लिहून ठेवायला सांगा. पोकळीची याहून स्वस्त खबर मिळत नाही, आणि माणसांच्या सुरक्षेसाठीही ती लागतेच.

वाळूच्या गॅलऱ्यांपासून जपा. वाळू कोळशाबरोबर डंपरमध्ये गेली की काट्यावर वजन भरतं, टनेज जुळल्यासारखं वाटतं. तिथे राखेचं प्रमाण तपासल्याशिवाय जुळणी मानू नका. छत कोसळलेल्या जागी मात्र कोळसा गेलेला नसतो, शेलमध्ये मिसळलेला असतो. तो भाग वेगळा दाखवा.

धागाकर्ता

मनापासून आभार, भाऊ. ड्रिलच्या नोंदी आजपासूनच सुरू करतो. एक राहिलं: गॅलऱ्या पाण्याने भरलेल्या असतील तर ड्रिलची खोली पोकळी म्हणून धरावी, की आधी पाणी उपसून तोंड मोजावं?