मदत हवी आहे: उकडलेल्या बटाट्यांचा डोंगर आणि परवा एकादशी

पाचवा_मजला
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. काल आमच्या सोसायटीत वडापावचा कार्यक्रम होता आणि संध्याकाळी असा पाऊस कोसळला की बाहेरचे पाहुणे सोडाच, बी विंगवालेसुद्धा खाली उतरले नाहीत. मग काय, उरलेलं सगळ्यांनी वाटून घेतलं आणि माझ्या वाट्याला साधारण तीन किलो नुसते उकडलेले, सोललेले बटाटे (मीठसुद्धा नाही) आणि एक मोठा स्टीलचा डबा भरून वड्याचं सारण आलंय, हळद, हिंग, आलं-लसूण-मिरची सगळं घातलेलं. दोन्ही रात्रीच फ्रीजमध्ये गेलंय पण फ्रीज सिंगल डोअर, आता दुधाची पिशवी ठेवायला जागा नाही.

अडचणी सांगते. आज कांदेनवमी, परवा एकादशी, त्या दिवसापासून सासूबाई चातुर्मास पाळतात, म्हणजे कांदा-लसूण बंद, त्यामुळे ते सारण आज-उद्यात संपायला हवं. सासऱ्यांना शुगर आहे. लेकाला डब्यात बटाट्याची भाजी दिली की डबा तसाच परत येतो, पण तोच बटाटा वेगळ्या रूपात आला तर खातो. पराठे आणि कटलेट मला माहीत आहेत, त्यापलीकडचं काही सुचवा प्लीज. आणि अजून एक, हॉलमध्ये एक पातेलंभर सारण रात्रभर बाहेरच राहिलंय, शेजारच्या काकू म्हणतायत वास चांगला येतोय, तेही घेऊन ये. घेऊ का?

कुकरची_शिट्टी
पातेल्यातलं अजिबात घेऊ नकोस गं! शिजलेला बटाटा पावसाळी दमट हवेत दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये, रात्रभर म्हणजे फारच झालं. वासावर जाऊ नको, पोट बिघडवणारे जंतू वाढले तरी वास चांगलाच राहू शकतो आणि परत गरम केलं तरी काही जंतूंचं विष तसंच राहतं. काकूंना गोड बोलून ते ओल्या कचऱ्यात टाकायला लाव.

फ्रीजमधलं तीन-चार दिवस टिकेल. फक्त डब्यात पाणी सुटलं असेल तर बटाटे चाळणीत काढून कोरडे करून ठेव, चिकटपणा किंवा आंबूस वास वाटला तर मोह नको.

आत्याबाई
आधी वाटणी कर बघू. साधे बटाटे एकादशीसाठी बाजूला, त्याला हळद-हिंगाचा हात लागू देऊ नकोस, आणि सारण आजच्या आज खलास. कांदेनवमी आहे ना, मग मिसळ कर की! मोड आलेली मटकी नसेल तर पांढरे वाटाणे, नाहीतर उसळीचं पाकीट, काय असेल ते. खाली चमचाभर पोहे, त्यावर तुझं सारण, त्यावर उसळ, फरसाण, भरपूर कांदा आणि वरून कट. पुण्यात कित्येक ठिकाणी मिसळीत तळाला बटाट्याची भाजी असतेच, तीच समज. कांदाभजी बाजूला तळलीस तर नवमी साजरी झाली.

उरलेल्या सारणाचं टोस्ट सँडविच. मुंबईत रस्त्यावर गॅसवरच्या हातातल्या टोस्टरमध्ये करतात तसं, ब्रेडला लोणी आणि हिरवी चटणी, मध्ये सारण, कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरचीच्या चकत्या. मुलगा डबा परत आणतो का बघूया.

नागपुरी_तर्री
सारण आहेच तर आलूबोंडा का नाही करत? वडापाव म्हणून केला की पाव लागतात, आमच्याकडे बोंडा प्लेटमध्ये फोडून त्यावर झणझणीत चण्याची तर्री ओततात, वरून कच्चा कांदा न् लिंबू. पावसाळ्यात याच्यापुढे काही नाही. सासऱ्यांना मात्र अर्धाच द्या जी.

पाचवा_मजला
कुकरची_शिट्टी, धन्यवाद, पातेलं टाकायला सांगितलं, काकू थोड्या नाराज आहेत, असू दे. आत्याबाई, मिसळ फिक्स! सारणाचा प्रश्न मिटला असं समजूया. आता ते तीन किलो. मॅश करून फ्रीजरमध्ये टाकले तर? की अख्खेच टाकू? आणि मिक्सरला फिरवून एकदम गुळगुळीत करून ठेवले तर जागा कमी लागेल ना?

कुकरची_शिट्टी
मिक्सर नको नको नको. मिक्सरच्या पात्यांनी बटाट्यातला स्टार्च बाहेर येतो आणि सगळ्याचा डिंक होतो, मग त्याचं काहीच करता येत नाही. किसणीवर किसायचे, नाहीतर पुरणयंत्रातून काढायचे. फ्रीजमधले गार बटाटे किसले की मस्त मोकळा कीस पडतो, गरम किसले तर लगदा होतो. म्हणून पॅटिससाठी मी मुद्दाम गार बटाटाच घेते, पीठ कमी लागतं आणि तेलात फुटत नाहीत.

अख्खे उकडलेले फ्रीजरमध्ये टाकू नयेत, बाहेर काढल्यावर स्पंजासारखे होऊन पाणी सोडतात. त्यापेक्षा पदार्थ करूनच फ्रीज करायचे. पॅटिस थापून ताटात सुटे सुटे ठेवून आधी कडक होऊ द्यायचे, मग पिशवीत भरायचे, महिनाभर चालतात. पराठेसुद्धा अर्धे भाजून, गार करून, मध्ये बटर पेपर घालून.

हाम्बुर्गकर
जर्मनीतून लिहितोय. इथे तर लोक मुद्दाम आदल्या दिवशी बटाटे उकडून गार करून ठेवतात, त्याचा पदार्थ म्हणजे ब्राटकार्टोफेल्न. गार बटाट्याच्या पाव इंच जाड चकत्या करायच्या, जाड बुडाच्या तव्यात तेल चांगलं तापवून एकाच थरात पसरायच्या आणि मग हात बांधून उभं राहायचं, हेच अवघड आहे, सारखं हलवलं की तुकडे पडतात आणि कुरकुरीत होत नाही. खालून सोनेरी झाल्या की एकदाच उलटायच्या, मग कांदा घालायचा, कारण कांदा आधी घातला तर जळतो. इथे त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, मी जिरं आणि मिरपूड घालतो. कांदा वगळून, जिरं-मिरची-सैंधव घालून केलं तर एकादशीलाही चालेल की.

आत्याबाई
हाम्बुर्गकर, म्हणजे उपवासाची बटाट्याची भाजीच झाली ती, फक्त जर्मन नावाची 😄 पण एका थरात न हलवता भाजायचं हे पटलं. आमच्याकडे सगळेच कालथा घेऊन तुटून पडतात.

पाचवा_मजला, एकादशीचा बेत सांगते. सकाळी थालीपीठ: गार बटाटे किसून त्यात उपवासाची भाजणी (नसेल तर राजगिरा आणि शिंगाड्याचं पीठ), दाण्याचं कूट, मिरची-जिरं वाटून, मीठ. पाणी घालायच्या आधी मळून बघ, बटाट्यातच ओल असते. ओल्या फडक्यावर थापून तुपावर, झाकण ठेवून. सोबत दह्यातलं बटाट्याचं भरीत, म्हणजे बटाटा कुस्करून दही, कूट, मीठ, किंचित साखर आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी. दोन्हीकडे बटाटा झाला म्हणशील तर झाला, तीन किलो आहेत म्हणूनच सांगतेय!

लेकाचा_डबा
एकादशीलाच संध्याकाळी कचोरी करा, माझी मुलं त्यासाठी उपवास करतात (आणि सकाळपासून वेफर्स खातात, ते वेगळं). पाच-सहा मध्यम बटाटे किसून त्यात दोन-तीन चमचे आरारूट किंवा साबुदाण्याचं पीठ, मीठ, मळून पारी. आत ओलं खोबरं, बेदाणे, काजूचे तुकडे, मिरची, आलं, जिरं, लिंबू. मीठ आणि साखर सारणात अगदी भरायच्या वेळी घाला, आधी घातली की खोबऱ्याला पाणी सुटतं आणि पारी फाटते. तेल नीट तापलेलं हवं, आधी एक तळून बघा, ती फुटली तर पिठात अजून चमचाभर आरारूट. टाकल्या टाकल्या झाऱ्याने ढोसू नका. आमच्या घरी कोथिंबीर चालत नाही उपवासाला, तुमच्याकडे चालत असेल तर घाला.

पणजीचा_पाव
साधे बटाटे वाया घालवू नका, उद्या जेवणात बटाट सोंग करा. खोबरेल तेलात भरपूर कांदा लालसर परतायचा, भिजवलेल्या सुक्या मिरच्या आणि चिंच वाटून ते घालायचं, तेल सुटलं की बटाट्याच्या फोडी आणि मीठ. तिखट-आंबट, दाटसर. साधं वरण आणि भात असला की आणखी काही नको. कांदा आहे त्यामुळे एकादशीच्या आत.

आणि घरात मांसाहार चालत असेल तर (तुमच्याकडे नसणार, पण धागा वाचणाऱ्यांसाठी) गोव्याचे पोटॅटो चॉप्स. मॅश केलेल्या बटाट्याच्या पारीत मसालेदार खिमा, चपटे करून अंड्यात बुडवून रव्यात घोळवून कमी तेलात भाजायचे.

वाळवण_प्रेमी
साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या घाला, वर्षभर टिकतात.

आत्याबाई
आषाढात?? कुठल्या उन्हात वाळवायच्या, ट्यूबलाइटच्या?

वाळवण_प्रेमी
फॅनखाली होतात की थोड्या 🙈

कुकरची_शिट्टी
नाही होत, बुरशी येते, उगाच तिला कामाला लावू नका. टिकवायचंच असेल तर शेव कर, तिला ऊन लागत नाही. बटाटा बारीक चाळणीतून घासून काढायचा म्हणजे गाठ राहत नाही. एक वाटी बटाट्याला साधारण दोन वाट्या बेसन, तिखट, हिंग, मीठ, आमचूर, गरम मसाला आणि चमचाभर गरम तेलाचं मोहन. पाणी घालायचंच नाही. सोऱ्याला बारीक जाळी, मध्यम आच, बुडबुडे कमी झाले की काढायची. पूर्ण गार झाल्यावर डब्यात, आठ-पंधरा दिवस छान राहते.

पाचवा_मजला
शेव भारीच, लेक खुश! सासऱ्यांचं काय करू? त्यांना बटाटा आवडतो आणि समोर दिसला की राहवत नाही. कोणीतरी म्हणालं की गार केलेला बटाटा शुगरला चालतो, खरं आहे का?

लेकाचा_डबा
थोडं खरं आहे. उकडून गार केल्यावर स्टार्चचा काही भाग असा बदलतो की तो पचत नाही, त्यामुळे साखर थोडी कमी चढू शकते. पण 'काही भाग', बाकीचा बटाटा बटाटाच राहतो. एकादशीला साबुदाणा, बटाटा, वरी सगळं एकाच ताटात येतं, ती खरी पंचाईत. त्यांना थालीपीठ एक, भरीत दही जास्त आणि बटाटा कमी, सोबत काकडीची कोशिंबीर, आणि साबुदाणा त्या दिवशी नकोच. शिवाय गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर उपवास करायचा की नाही हे डॉक्टरांना विचारा, शुगर एकदम कमीही होऊ शकते.

नागपुरी_तर्री
गोडाचं कोणीच नाही बोललं! आलूचा शिरा. दोन वाट्या कीस तुपावर मंद आचेवर परतायचा, घाई केली तर उकडलेल्या आलूचा वास राहते, तूप सुटेपर्यंत धीर धरा, मग अर्धी वाटी दूध, अर्धी वाटी साखर, वेलची. उपवासाला चालते. काकांना दाखवू नका म्हणजे झालं.

पाचवा_मजला
अपडेट देते. मिसळ झाली, सारणाचा डबा रिकामा, शेजारच्या काकूंनाही बोलावलं त्यामुळे पातेल्याचा राग गेला. सोमवारी डब्यात टोस्ट सँडविच गेलं आणि रात्री सोंग केलं, आमच्याकडे खोबरेल तेलात कोणी खात नाही म्हणून शेंगदाणा तेलात, तरी मस्त लागलं (पणजीचा_पाव, माफ करा). एकादशीला थालीपीठ आणि कचोरी. पहिली कचोरी फुटली, चमचाभर आरारूट वाढवल्यावर बाकीच्या नीट तळल्या गेल्या. सासूबाई म्हणाल्या पुढच्या एकादशीलाही कर, म्हणजे आता बटाटे विकत आणावे लागणार. आता वाडगाभर कीस राहिलाय, त्याची आज शेव. पण माझ्या सोऱ्याची बारीक जाळी सापडत नाहीये, जाड जाळीने चालेल का?

कुकरची_शिट्टी
चालेल, पण जाड शेव आतून मऊ राहते आणि दोन दिवसांत सादळते. आच अजून थोडी कमी ठेव, जरा जास्त वेळ तळ. आणि गरम असताना डब्याचं झाकण लावू नको.

हाम्बुर्गकर
कचोरीबद्दल एक शंका. इथे आरारूट पटकन मिळत नाही, कॉर्नफ्लोअर वापरलं तर चालेल का? आणि इथे बटाट्याच्या पिशवीवर फेस्टकोखेंड, मेहलिशकोखेंड असं लिहिलेलं असतं, म्हणजे शिजल्यावर घट्ट राहणारा आणि पिठूळ होणारा. कचोरीला कुठला घेऊ?

लेकाचा_डबा
कॉर्नफ्लोअरने पारी छान होते पण मक्याचं असल्यामुळे आमच्याकडे उपवासाला नाही चालत, घरात विचारा. इंडियन स्टोअरमध्ये साबुदाणा मिळत असेल तर तो कोरडा भाजून मिक्सरला बारीक करून चाळून घ्या, तेच पीठ. बटाटा पिठूळ होणाराच घ्या, घट्टवाल्याची पारी नीट मळली जात नाही. तो तुमच्या त्या चकत्यांना ठेवा.