कांजिण्या : ए विंग, बी विंग आणि क्लास

परांजपे (बी-203): आज आमच्या मजल्यावर तिसरं पोर फोडांनी भरलंय. त्याआधी ए मधली दोन. कमिटी काय करतेय ते कळेल का? की डेंग्यूच्या वेळेसारखा बोर्डावर कागद चिकटवून मोकळे?

सेक्रेटरी: परांजपे, सकाळी सकाळी टोमणे नकोत. फवारणीवाल्याला फोन केलाय.

डॉ. मोघे (ए-501): कांजिण्यांना धूर कशाला? डासांचा काय संबंध! हा विषाणू हवेतून आणि फोडांतल्या पाण्यातून पसरतो. आणि ताप आला तर पोरांना ॲस्पिरिन अजिबात देऊ नका.

साठे काका (सी-402): कामवाल्या मावशींना 15 दिवस गेटवरच थांबवा. मूळ तिथे आहे.

नीलिमा (बी-401): चालेल काका. भांडी तुम्ही घासणार का, ते काकूंना विचारून कळवा 😄

साठे काका (सी-402): थट्टा नको. मावशी बंद करा.

ऋतुजा (ए-302): काका, मावशी तिन्ही विंगमध्ये जातात. मग तुमच्या सी मध्ये एकही केस कशी नाही? आजारी पाचही मुलं संध्याकाळी एकाच खोलीत बसतात. सी मधलं कोणी तिथे जात नाही.

गोखले बाई (बी-104): नाव घे ना सरळ. माझा क्लास म्हणायचंय ना? तूसुद्धा तिथेच पाढे शिकलीस.

ऋतुजा (ए-302): बाई, दोष नाही देत हो. डास येतात म्हणून खिडक्या बंद, दीड तास मुलं खेटून बसलेली, त्यात दोन विंग आणि तीन शाळा. पोर आपापल्या घरात आजारी पडलं तर एक घर. क्लासमधून पसरलं तर तिन्ही शाळांत. केसेस किती यापेक्षा कोण कोणाला जोडतंय ते बघा.

डॉ. मोघे (ए-501): बरोबर. लागण झाल्यापासून फोड यायला 10 ते 21 दिवस जातात, बहुतेकदा दोन आठवडे. ए मधल्या दोघांना नेमके तितकेच दिवस झाले. शिवाय फोड यायच्या 1-2 दिवस आधीपासूनच मूल दुसऱ्यांना देत असतं. म्हणजे फोड दिसले तेव्हा ते क्लासला जाऊन आलेलं.

साठे काका (सी-402): ⬆️ मावशी बंद करा. कोणी वाचतंय का?

ऋतुजा (ए-302): काका, वाचलं. जोडणी नेहमी माणसांचीच असते असंही नाही. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सच्या, म्हणजे श्वसनाच्या त्या साथीच्या, 300 हून जास्त केसेस झाल्या. बाथरूमचे नहाणी ट्रॅप (जाळीखालचा पाणी साठवून ड्रेनेजची हवा अडवणारा बाक) कोरडे पडलेले, ड्रेनेजच्या पाइपातून विषाणू वरखालच्या फ्लॅटमध्ये गेला असं तपासात निघालं.

जाधव (बी-601): ड्रेनेज! ऐकलंत सेक्रेटरी? डक्टच्या लीकेजचं मी कधीपासून ओरडतोय. आता हाँगकाँगपर्यंत गेलं तरी आपलं टेंडर निघेना.

सेक्रेटरी: जाधव, विषय कांजिण्यांचा आहे. आणि तुमचा मेंटेनन्स बाकी आहे.

जाधव (बी-601): लीकेज काढा, मेंटेनन्स घ्या.

परांजपे (बी-203): दोघं पर्सनलवर भांडा. लस द्यायची तर कोणाला आधी?

डॉ. मोघे (ए-501): ही सरकारी लसीकरणात नाही, खाजगीत घ्यावी लागते. संपर्क आलेल्या पण आधी कांजिण्या न झालेल्या मुलांना 3 ते 5 दिवसांत दिली तर फायदा होतो. आपापल्या डॉक्टरांना विचारा.

ऋतुजा (ए-302): आणि मुलांना जवळचा मित्र विचारा. ज्याचं नाव परत परत येतं त्याच्या घरी आधी कळवा. 2009 च्या फ्लूमध्ये हार्वर्डला असंच करून पाहिलं होतं. काही विद्यार्थी चिठ्ठ्या काढल्यासारखे निवडले, आणि त्यांनी सांगितलेले मित्र. मित्रांच्या गटात साथ सुमारे दोन आठवडे आधी पोचली. ज्याच्या ओळखी जास्त, तो साथीच्या तावडीत लवकर सापडतो.

नीलिमा (बी-401): म्हणजे आमचे हे एकदम सेफ. पार्किंगच्या भांडणानंतर एकही मित्र उरलेला नाही 😂

साठे काका (सी-402): आणि मावशींचं काय ठरलं?

डॉ. मोघे (ए-501): साठे, मावशींना कांजिण्या होऊन गेल्यात का एवढं विचारा, बास. आणि जी कोणी गरोदर असेल, तिने आजच डॉक्टरांना फोन करावा. हे सगळ्यात महत्त्वाचं, मजेत हरवू नका.

गोखले बाई (बी-104): क्लास आजपासून बंद. शेवटच्या पोराच्या खपल्या धरल्या की बघू. महिन्याची फी मात्र कोणी परत मागू नये.

परांजपे (बी-203): फीचं भेटून बोलू बाई. गृहपाठ तरी ग्रुपवर टाका, पोरं घरात उच्छाद मांडतायत.