टीव्हीवरचं अंतराळ: तुम्हाला नेमकं काय भिडलं?

परवा 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चा 'डार्मोक' हा १९९१ चा एपिसोड परत लावला. त्यातली परग्रहावरची मंडळी नुसते आपल्या कथांमधले दाखले देत बोलतात, म्हणजे फजिती झाली की 'शाका, भिंती पडल्या तेव्हा', ट्रान्सलेटर शब्द सगळे बरोबर सांगतो आणि कॅप्टन पिकार्डच्या डोक्यात काही म्हणजे काही शिरत नाही. माझी बायको तमिळ. त्याच आठवड्यात मी आईला फोनवर सांगत होतो, अगं रिलीजचं पार पानिपत झालं, मेलमध्ये कोणीतरी ध चा मा केला. फोन ठेवल्यावर बायको म्हणते, पानिपत म्हणजे ब्लँकेटवालं ना? तिला भाऊसाहेबांपासून सांगायला बसलो (आणि ध चा मा साठी नारायणराव वेगळे!) तेव्हा लक्षात आलं, परग्रहावरचा मीच. तुमचं असं काय जुळलं? लिहा.

चहाबाज: ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर जुनं स्टार ट्रेक लागायचं, इंग्रजी ओ की ठो कळायचं नाही. माणूस चकाकत गायब व्हायचा आणि दुसऱ्या ग्रहावर उगवायचा, तेवढ्यावर आमचा आठवडा निघायचा. खूप नंतर वाचलं की दर भागात यान उतरवून दाखवायला पैसे नव्हते म्हणून ती युक्ती. अगदी शाळेच्या गॅदरिंगसारखं, मग तर जास्तच आवडलं.

खडूस: ते ठीक, पण यात सायन्स किती? परग्रहावरचे म्हणजे कपाळाला दोन वळकट्या चिकटवलेली माणसंच.

चहाबाज: मग? आम्हाला 'कॅप्टन व्योम'चे (१९९८) सेटसुद्धा चालले.

कोयनाकाठ: सायन्ससाठी बघतं कोण... माझा 'द इनर लाइट'. पिकार्ड पंचवीसेक मिनिटं बेशुद्ध असतो आणि तेवढ्यात एका कधीच संपलेल्या ग्रहावर अख्खा जन्म काढतो, बायको, मुलं, नातू, बासरी शिकतो. आपण मरणार हे त्या लोकांना कळलेलं, म्हणून आठवण एका छोट्या यानात भरून सोडून दिलेली. आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. मी पाहिलेलं नाही, पण आजीने इतकं सांगितलंय की चावडीवरून देवळाकडे कसं वळायचं ते मला विचारा. शेवटी पिकार्डच्या हातात तीच बासरी येते आणि त्याला ती वाजवता येते, तिथे मी पॉज केलं. आजीने निघताना घराच्या दाराची कडी काढून आणलेली. ठाण्यात माळ्यावर आहे, दोनदा दारं बदलली, एकालाही बसत नाही.