अनुभव धागा: घरातलं माणूस गेलं, तेव्हा मुलांशी काय बोललात?

आपल्याकडे कुणी वारलं की आधी पोरांना शेजारच्या घरी धाडतात. पेज तिकडेच, टीव्ही तिकडेच. बाराव्यापर्यंत मोठ्यांना उसंत नसते. मग कुणीतरी म्हणतं, 'पोर काही बोलत नाही, सावरलं बरं.' खरंच सावरतं का? गोव्यातल्या मंडळींनी आपापलं लिहावं. उपदेश नको, घडलेलं सांगा.

डिचोलीची आई
नवरा तारवटी. नऊ महिने बोटीवर, मग सुट्टी. सुट्टीवर असतानाच हार्ट ॲटॅकने गेला. मुलगा दुसरीत. घर माणसांनी भरलेलं, त्यात थोरल्या जावेने त्याला सांगून टाकलं, 'बाबा बोटीवर गेलाय.' तिच्या मनात वाईट नव्हतं. पण आमच्या घरात बोटीवर गेलेला माणूस परत येतो! पोरगा नेहमीसारखा कॅलेंडरवर रोज एक फुली मारू लागला.

फुल्या दिसल्या त्या रात्री त्याला कुशीत घेऊन सांगितलं, बाबाचं हृदय बंद पडलं, तो मेला. आता तो श्वास घेत नाही, त्याला भूक लागत नाही, दुखत नाही, आणि तो परत येणार नाही. 'व्हिडिओ कॉलपण नाही?' नाही. बराच वेळ गप्प. मग, 'मी दंगा केला म्हणून?' आदल्या संध्याकाळी बाबा त्याच्यावर ओरडला होता. ते एवढे दिवस पोटात धरून बसला होता पोर! नाही रे, दंग्याने कुणाचं हृदय बंद पडत नाही. रडला, झोपला. सकाळी सायकल काढून बाहेर. सासूबाईंना ते खटकलं, मला नाही. पुढे कितीतरी रात्री तेच प्रश्न, माझी उत्तरंही तीच.

चवथीला गणपती आणला, नेवऱ्या मात्र केल्या नाहीत. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट, बाबाच बांधायचा. दीर शिडीवर चढला आणि वरून विचारलं, 'तोरिंगण खंय बांधतालो रे बाबा तुजो?' मग काय, हा खालून हुकूम सोडत राहिला. नारळांचा घड दोनदा काढून पुन्हा बांधायला लावला.

सत्तरी तालुक्यातला मास्तर
आमच्या शाळेचा नववीतला मुलगा पावसात नदीत बुडाला. त्याचा बाक सोमवारच्या आत हलवा, असं वरून आलं. आम्ही हलवला नाही, वर्गालाच विचारलं. महिनाभर राहू दे म्हणाले, राहिला. खरी काळजी होती ती सोबत गेलेल्या दोघांची. 'चल पोहायला' म्हणणारा त्यातलाच एक. पोलिसांच्या भीतीने घरच्यांनी त्यांना तोंड उघडायची बंदी केलेली. शेवटी गेलेल्या मुलाच्या आईनेच त्यांना बोलावलं. त्या दिवशी तो काय बोलला, काय खाल्लं, कशावर हसला, सगळं तिने विचारून घेतलं. परतताना तो 'चल पोहायला' म्हणणारा पोरगा गाडीत पहिल्यांदा रडला.

पर्वरीची समुपदेशक
पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला मरण कायमचं असतं हे उमगत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा विचारतं. 'आजी झोपली' असं ऐकलेली मुलं झोपायला घाबरतात. अंथरूण ओलं करणं, आईला चिकटून राहणं, मध्येच मजेत खेळणं, हेही दुःखच. मोठे लोक मला दुःखाच्या 'पाच टप्प्यां'बद्दल विचारतात. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९मध्ये ते मांडले ते स्वतः मरणाला टेकलेल्या रुग्णांविषयी. मुलाच्या रडण्याला ते वेळापत्रक लावू नका. पण सहा महिने उलटले आणि तरीही रोजचं जगणं अडलेलं असेल, तर दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. 'मलाही बाबाकडे जायचंय' असं मूल म्हणालं तर मात्र सहा महिने काय, सहा तासही थांबू नका, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्या.

म्हापशाहून
शेजारी ख्रिश्चन. २ नोव्हेंबरला त्यांची मुलं सिमितेरीत (दफनभूमीत) जाऊन आजोबांची फोंड (थडगं) साफ करतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. आमच्या धाकटीने विचारलं, 'आमच्या आजोची खंय?' अस्थी हरवळ्याला सोडल्या होत्या, तेव्हा तिला नेलं नव्हतं. मग नेलं. रुद्रेश्वराकडचा धबधबा बघून म्हणाली, 'एवढ्या आवाजात आजोला झोप येते?' तिथे आम्ही सगळे हसलो, तिची आजीसुद्धा. लोक वळून बघत होते, बघेनात का.

मडगावची मावशी
२०२१च्या मे महिन्यात बहीण कोविडने गेली. तिच्या मुलींना शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. एवढंच सांगते, भेटायला गेलात तर मुलांच्या देखत 'कसं झालं गे?' म्हणून ती गोष्ट पहिल्यापासून उकरू नका. त्यापेक्षा विचारा, उद्या शाळेच्या बसपर्यंत कोण सोडणार, डब्याला काय हवं. मी दोघींना विचारलं तर उत्तर आलं, 'भाकरी नको. पोदेराकडचा उंडो (पाव), आणि आई करायची तशी बटाट्याची भाजी.' भाजी तशी झाली नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. आता धाकटी स्वतः करते, आणि मीठ अजून जास्तच घालते.