तार तीच, मग बेंड वेगळा का?
एकाने विचारलंय की स्ट्रॅट आणि टेली (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटार) दोन्हींचा स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २५.५ इंच, तारा दोन्हींवर १० च्याच (सर्वात बारीक तार ०.०१० इंच), मग बेंड करताना, म्हणजे तार बाजूला ढकलून सूर चढवताना, स्ट्रॅटवर सूर गाठायला तार जास्त का ढकलावी लागते? माझ्या मते दोष बोटांचा नाही, ब्रिजचा (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाचा) आहे. स्ट्रॅटचा ट्रेमोलो (मागच्या स्प्रिंगांनी धरलेला, हलणारा ब्रिज) तरंगता, म्हणजे बॉडीला न टेकवता, ठेवला असेल तर बेंड करताना ताण वाढतो, ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि तुम्ही कमावलेला सूर थोडा परत घेतो.

करून बघा: तिसरी तार सातव्या फ्रेटवर (गळ्यावरच्या सातव्या धातूच्या पट्टीपाशी) पूर्ण स्वर वर चढवा आणि जाड ई (सहावी तार) मोकळी वाजत ठेवा. ई खाली घसरताना स्पष्ट ऐकू येते. टेलीचा ब्रिज पक्का, त्यामुळे तिथे ती जागची हलत नाही. मागच्या स्प्रिंगांचे स्क्रू आवळून ब्रिज बॉडीला टेकवला की निम्मी तक्रार मिटते (मग व्हॅमी बार, म्हणजे ब्रिज हलवायचा दांडा, वर ओढता येत नाही, मला त्याचं दुःख नाही).

गिब्सनच्या लेस पॉल गिटारशी तुलना मात्र वेगळी. तिथे स्केलच २४.७५ इंच, म्हणजे त्याच तारेला ताण जवळपास ६ टक्के कमी. जुन्या घाटाच्या ७.२५ इंच रेडियसवर (फ्रेटबोर्डची जास्त गोलाई) अॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, फार खाली घेतलीत तर वरच्या फ्रेटवर बेंड मध्येच गुदमरतो, तेही तपासा.